बिगिन आधी, स्नॅपशॉट नंतर

कळंगुटच्या एखाद्या हॉटेलचे नाइट ऑडिट, म्हणजे मध्यरात्री दिवसाचा हिशेब मिटवण्याचे काम, घ्या. डेटाबेस पोस्टग्रेस, आयसोलेशन (एकाच वेळी चालणारी कामे एकमेकांपासून किती अलग ठेवायची ती पातळी) ‘रिपीटेबल रीड’, म्हणजे कामभर डेटाचे एकच चित्र दिसणार. प्रोग्रॅम 00:00:00 ला ‘बिगिन’ (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र पार पडणाऱ्या कामांचा गठ्ठा, सुरू करण्याची आज्ञा) पाठवतो, परकीय चलनाचे दर बाहेरच्या सेवेकडून आणण्यात 40 सेकंद घालवतो आणि मग पहिली ‘सिलेक्ट’, म्हणजे वाचनाची क्वेरी, चालवतो. अहवालाच्या माथ्यावर ‘नाऊ’ फंक्शन 00:00:00 छापते. पण 00:00:25 ला कमिट (कायमचे पक्के) झालेले बारचे बिल येणे बाकीत आलेले असते. कारण ‘नाऊ’ची वेळ बिगिनला ठरते, स्नॅपशॉट (त्या क्षणापर्यंत कमिट झालेल्या डेटाचे चित्र) मात्र पहिल्या क्वेरीला घेतला जातो.

ही फट कुठून आली? आयबीएमच्या सिस्टिम आर प्रकल्पातून 1976 साली ट्रान्झॅक्शनची जी मांडणी पुढे आली, ती लॉकवर (एकाचे काम होईपर्यंत इतरांना रोखणाऱ्या कुलपावर) उभी होती. ट्रान्झॅक्शन कधी सुरू झाले याला तिथे फारसे महत्त्व नव्हते; लॉक कधी मिळाला, एवढाच प्रश्न. डेव्हिड रीड यांनी 1978 च्या एमआयटीतल्या प्रबंधात एकाच नोंदीच्या अनेक आवृत्त्या ठेवण्याची कल्पना मांडली. वाचणाऱ्याने जुनी आवृत्ती वाचायची, लिहिणाऱ्याने नवी लिहायची, कोणी कोणासाठी थांबायचे नाही. पण ‘जुनी’ म्हणजे कोणत्या क्षणाची, हे आता ठरवणे भाग पडले.

एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या 1992 च्या प्रमाणात स्नॅपशॉट आयसोलेशन नव्हतेच. त्याची व्याख्या 1995 मध्ये जिम ग्रे, फिल बर्नस्टाइन आणि सहकाऱ्यांच्या निबंधात आली. मेख तिथेच आहे: सुरुवातीचा शिक्का (स्नॅपशॉटची वेळ) पहिल्या वाचनाआधीचा कोणताही क्षण असू शकतो, अशी मोकळीक त्या व्याख्येतच आहे. 1999 मध्ये पोस्टग्रेस 6.5 मध्ये बहुआवृत्ती पद्धत आली. तिथे बिगिननंतरही आयसोलेशनची पातळी बदलता येते, मात्र पहिल्या क्वेरीआधी. शिवाय स्नॅपशॉट गोठण्याआधी ‘लॉक टेबल’, म्हणजे अख्ख्या टेबलावरचा लॉक, घेता येतो. उशिरा स्नॅपशॉट घेण्याचा हा खरा फायदा. (वेगळे काही न सांगितल्यास लागू होणाऱ्या ‘रीड कमिटेड’ पातळीत तर प्रत्येक विधानाला नवा स्नॅपशॉट मिळतो, त्यामुळे दोन सिलेक्टच्या बेरजा जुळल्या नाहीत तर नवल नाही.)

बाकीच्यांचेही फारसे वेगळे नाही. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-इंजिनात पहिल्या साध्या वाचनाला चित्र गोठते. आधीच हवे तर ‘स्टार्ट ट्रान्झॅक्शन विथ कन्सिस्टंट स्नॅपशॉट’ लिहावे लागते. एसक्यूएल सर्व्हरने 2005 मध्ये स्नॅपशॉट पातळी आणली, तिथेही ट्रान्झॅक्शनचा क्रमांक, ज्यावरून स्नॅपशॉट ठरतो, पहिल्या वाचन-लेखनाला मिळतो. ओरॅकलमध्ये बिगिन देऊन ट्रान्झॅक्शन सुरू करायची पद्धतच नाही.

जादाचे बिल निदान दिसते तरी. खरा त्रास हरवलेल्या बिलाचा. रेस्टॉरंटचे बिल 23:59:58 ला बिगिन करते, ‘नाऊ’ने तीच वेळ नोंदवते, कार्ड मशीनच्या उत्तरासाठी खोळंबते आणि 00:00:50 ला कमिट होते. ऑडिटचा स्नॅपशॉट 00:00:40 चा, त्यात ते नाही. दुसऱ्या रात्रीचे ऑडिट दुसऱ्या दिवसाची तारीख शोधते, तिथेही नाही. बिल टेबलात आहे, पैसे खात्यात आहेत, पण एकाही अहवालात ते सापडत नाही.

बिगिननंतर लगेच एखादी फुटकळ सिलेक्ट चालवली की पहिली फट बुजते, दुसरी नाही. ‘शेअर’ लॉक (इतरांना वाचू देणारा, पण लिहू न देणारा) घेतला तर आधीच लिहिते झालेल्यांसाठी ऑडिट थांबेल. पण बिगिन देऊन अजून काहीच न लिहिलेले बिल निसटेलच, आणि अहवाल संपेपर्यंत काउंटरवरची बिले अडतील ती वेगळीच. तेव्हा तारखेची चाळणी सोडावी. बिलात ऑडिट क्रमांकाचा रकाना ठेवावा, ऑडिटने एकाच ‘अपडेट’मध्ये रिकाम्या रकान्याची सगळी बिले आपल्या क्रमांकाखाली घ्यावीत आणि अहवाल त्याच क्रमांकावर काढावा. 00:00:50 चे बिल मग दुसऱ्या रात्रीच्या क्रमांकात पडते, तारीख आदल्या दिवसाची असली तरी.