गोल्डफिशला फायटरच्या हिशोबाने खायला घालू नका

फायटर (बेट्टा मासा) सांभाळलेल्या माणसाने गोल्डफिश आणला की त्याच डबीतले तेच दाणे, त्याच वेळांना, फक्त 'हा मोठा आहे' म्हणून जरा जास्त, असं सुरू होतं. विचारलं तर सल्ला देणारेही तेच सांगतात. दोन्ही मासेच, पण त्यांच्या जेवणाचं गणित एक नाही.

फायटरचं तुम्हाला ठाऊक आहेच. मांसाहारी, पाण्याच्या वरच्या थरातलं टिपणारा, दिवसाला मोजके दाणे, मधे एखादा उपास. ते सोडून देऊ.

गोल्डफिश कार्पच्या कुळातला, मिश्राहारी. तळाचा खडा तोंडात घेतो, चघळतो, खाण्यासारखं ठेवून खडा थुंकतो. त्याचे दात घशात असतात. म्हणून त्याला बुडणारे दाणे द्या, त्याचे स्वतःचे, फायटरचे नव्हेत. अधूनमधून उकडून सोललेला मटार द्या. इथे एखादे वेळी चुकलं तरी फारसं बिघडत नाही.

बिघडतं ते पुढच्या फरकापाशी. फायटरला जठर असतं, गोल्डफिशला जठरच नसतं. घशातल्या दातांनी भरडलेलं अन्न थेट आतड्यात जातं. वाटेत साठवून ठेवायला जागा नाही. एकदम भरपूर घातलंत तर पुढचं मागच्याला ढकलतं आणि बरंचसं नीट न पचता बाहेर पडतं. नैसर्गिक अधिवासात तो दिवसभर चिमूट-चिमूट वेचत असतो, त्याचं आतडं त्यासाठीच घडलंय.

यावरून लोक 'थोडं थोडं, बरेचदा' एवढं शिकतात आणि त्यातलं 'थोडं' सोडून देतात. वेळा वाढल्या म्हणून दिवसाचं एकूण खाणं वाढत नाही. तेवढंच दोन-तीन वाटण्यांत द्यायचं असतं. पण घरातलं कुणीही टाकीजवळ गेलं की गोल्डफिश काचेला येऊन तोंड उघडझाप करतो, आणि 'भुकेलाय बिचारा' म्हणून आणखी एक चिमूट पडते. तो भुकेलेला असेलच असं नाही. माणूस आला की खाणं येतं हे तो पटकन शिकतो आणि चांगलं लक्षात ठेवतो. त्याचं मागणं हे माप धरूच नका.

'दोन मिनिटांत संपेल एवढं घाला' हा सल्लाही मला पटत नाही. गोल्डफिश दोन मिनिटांत भलतंच खाऊ शकतो. त्यापेक्षा दाणे मोजा. दाणा त्याच्या डोळ्यापेक्षा मोठा नको. लहान माशाला एका वेळी तीन-चार दाण्यांपासून सुरुवात करा. मी सकाळीच दिवसभराचे दाणे एका झाकणात काढून ठेवते. घरात कुणीही घालो, त्यातूनच घालायचं. झाकण रिकामं झालं की त्या दिवसाचं खाणं संपलं, मग त्याने कितीही काच चाटू दे.

एवढा आग्रह का, तर जास्त खाण्याचा फटका आधी पाण्याला बसतो. खाल्लेल्या प्रथिनांचा अमोनिया कल्ल्यांवाटे पाण्यात येतो, तळाशी कुजणाऱ्या दाण्यांचा त्यात भर घालतो. पाणी तपासायच्या टेस्ट किटमध्ये अमोनिया किंवा त्यापासून बनणारं नायट्राइट (दोन्ही माशाला विषारी) दिसलं तर पाणी बदला आणि खाणं तोडा. औषधाची बाटली शोधत बसू नका.

थंडीत पचन मंदावतं. पाणी १० अंश सेल्सिअसच्या खाली गेलं तर खाणं बंदच ठेवा.

गावाला जाताना शेजाऱ्यांच्या हाती डबी देऊ नका. धडधाकट, मोठा गोल्डफिश आठवडाभर खाण्याशिवाय सहज काढतो. पिल्लं असतील तर रोजची पुडी वेगळी बांधून द्या आणि डबी कपाटात ठेवून जा.