मृदू ऊतींचा तीव्र जंतुसंसर्ग : प्रतिमाचाचण्यांद्वारे निदान

त्वचेखालची चरबी, स्नायू आणि स्नायूंवरचे पातळ आवरण (फॅशिया) यांत झपाट्याने पसरून ऊती कुजवणारा संसर्ग ओळखण्यासाठी एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन व एमआरआय वापरतात. या गटातील सर्वांत घातक विकार म्हणजे नेक्रोटायझिंग फॅसायटिस, म्हणजे फॅशिया कुजवणारा संसर्ग. हे नाव १९५२ मध्ये अमेरिकी सर्जन विल्सन यांनी दिले. जननेंद्रियांभोवतीच्या प्रकाराला फूर्निये गँगरीन म्हणतात. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ झाँ आल्फ्रेद फूर्निये यांनी १८८३ मध्ये त्याचे वर्णन केले होते.

निदान अवघड होते, कारण आजार खोल थरांतून पसरतो आणि वरची कातडी सुरुवातीला नुसती लालसर, सुजलेली दिसते. साधा सेल्युलायटिस (त्वचेचा व तिच्या लगतच्या थराचा, ऊती न कुजवणारा जंतुसंसर्ग) समजून वेळ जातो. दिसणाऱ्या खुणांच्या मानाने वेदना फारच जास्त असणे, हा इशारा कोणत्याही यंत्राआधी मिळतो.

एक्स-रेमध्ये ऊतींत साठलेला वायू दिसला तर संशय बळावतो, पण तो निम्म्याहून कमी रुग्णांत दिसतो. क्लॉस्ट्रिडियम या जंतूमुळे किंवा अनेक जंतू मिळून झालेल्या संसर्गात वायू तयार होतो, तर स्ट्रेप्टोकॉकस या जंतूच्या संसर्गात बहुधा होत नाही. त्यामुळे ‘वायू नाही’ म्हणजे ‘आजार नाही’ असे समजणे हीच सर्वांत महागात पडणारी चूक.

तातडीच्या विभागात सर्वाधिक भरवसा सीटीवर ठेवला जातो. त्यात आवरणाच्या थरांलगत वायू, द्रव आणि जाड झालेली फॅशिया स्पष्ट दिसते. शिरेतून कॉन्ट्रास्ट (रक्त पोहोचते तो भाग स्कॅनमध्ये उजळ दाखवणारे औषध) दिल्यावर फॅशियाचा जो भाग उजळत नाही, तिथे रक्त पोहोचत नाही, म्हणजे ऊती मेलेली असण्याची दाट शक्यता असते. मूत्रपिंडे आधीच अडचणीत असतील तर कॉन्ट्रास्टशिवायही वायू व सूज कळते. अनेक अभ्यास एकत्र पाहता सीटी सुमारे ८८ टक्के रुग्ण पकडते, एक्स-रे सुमारे ४९ टक्के. सीटी चांगली असली, तरी तिच्याही हातून काही रुग्ण निसटतातच.

सोनोग्राफी रुग्णाच्या खाटेपाशीच होते. फॅशियालगत ४ मिलिमीटरपेक्षा जाड द्रवाचा थर किंवा वायूची धूसर सावली तिच्यात शोधतात. मात्र निष्कर्ष तपासणाऱ्याच्या हातावर बराच अवलंबून असतो. गळू झाले आहे का, हे पाहण्यासाठी ती उत्तम.

एमआरआय द्रवाबाबत इतकी संवेदनशील असते की साध्या सुजेतही खोल फॅशिया उजळ दिसू शकते, आणि धोका वाढवून दाखवला जातो. शिवाय तिला वेळ लागतो. रक्तदाब कोसळत असलेल्या रुग्णाला तेवढा वेळ यंत्रात ठेवणे बहुधा परवडत नाही.

संशय पक्का असेल तर स्कॅनसाठी शस्त्रक्रिया लांबवत नाहीत. सर्जन छोटा छेद घेऊन आत बोट घालतात. फॅशियाचे थर विनाप्रतिकार सुटले, रक्त जवळजवळ आले नाही आणि भांडी धुतलेल्या पाण्यासारखा करडा द्रव वाहिला, तर निदान तिथेच होते आणि मेलेली ऊती काढायला लगेच सुरुवात करता येते.