मनोविकारांची जनुके आणि स्त्री-पुरुष फरक: पार्श्वभूमी

नैराश्य स्त्रियांमध्ये पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आढळते. ऑटिझमचे निदान मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये तीन ते चार पट जास्त होते आणि स्किझोफ्रेनियाची लक्षणे पुरुषांमध्ये सहसा काही वर्षे आधी दिसू लागतात. असा फरक दिसला की संशय आधी एक्स गुणसूत्रावर जातो. स्त्रीकडे त्याच्या दोन प्रती, पुरुषाकडे एक. मनोविकारांच्या जनुकशास्त्रातही सुरुवात तिथूनच झाली.

1969 मध्ये जॉर्ज विनोकुर आणि सहकाऱ्यांनी द्विध्रुवी विकार (अति उत्साह आणि नैराश्य आलटून-पालटून येण्याचा आजार) एक्सवरून उतरतो, असे कुटुंबांच्या अभ्यासावरून मांडले. मुलाला वडिलांकडून वाय मिळते, एक्स मिळत नाही. त्यामुळे हे खरे असेल तर आजार बापाकडून मुलाकडे जाताच कामा नये. पण अशा बाप-लेकांच्या जोड्या इतर अभ्यासांत सापडत राहिल्या. 1987 मध्ये इस्रायलमधल्या कुटुंबांत रंगांधळेपणासारख्या खुणांशी, म्हणजे एक्सवरच्या ज्ञात गुणांशी, आजाराचा संबंध दिसल्याचा निबंध ‘नेचर’मध्ये आला. 1993 मध्ये त्याच गटाने जास्त खुणा घेऊन आणि कुटुंबांची पुन्हा तपासणी करून पाहिले, तेव्हा तो पुरावा बराच विरला. एकच जनुक शोधण्याच्या काळातली ही शिकवण महागात पडली.

खरा उपयोगी विचार दुसरीकडून आला, तोही मनोविकारांच्या बाहेरून. सेड्रिक कार्टर अर्भकांच्या जठराचे निर्गमद्वार अरुंद होण्याच्या विकाराचा अभ्यास करत होते. हा विकार मुलग्यांमध्ये सुमारे पाचपट जास्त आढळतो. तरीही ज्यांच्या आईला तो झाला होता, त्या मुलग्यांमधला धोका वडिलांना झालेल्यांच्या मुलग्यांपेक्षा कितीतरी मोठा निघाला: सुमारे 19 टक्के विरुद्ध साडेपाच टक्के. म्हणजे मुलींसाठी आजाराचा उंबरठा उंच आहे. तो ओलांडणाऱ्या मुलीकडे जनुकीय भार जास्त असतो आणि तो पुढच्या पिढीत उतरतो. जनुके तीच, उंबरठा वेगळा.

ऑटिझममध्ये ही कल्पना चांगली बसली. जुळ्यांच्या 2013 च्या अभ्यासात, ठळक ऑटिस्टिक लक्षणे असलेल्या मुलींच्या भावंडांत अशी लक्षणे मुलग्यांच्या भावंडांपेक्षा जास्त दिसली. 2014 मध्ये मेंदूच्या वाढीचे विकार असलेल्या मुलींमध्ये गुणसूत्रांचे मोठे तुकडे गळण्याचे किंवा दुप्पट होण्याचे प्रमाण अधिक आढळले. पण इथे सांभाळून बोलायला हवे. सौम्य लक्षणांच्या मुली निदानातून निसटत असतील, तर उरलेल्या गंभीर मुलींमध्ये भार जास्त दिसणारच, उंबरठा सारखा असला तरी.

नैराश्यात जुळ्यांनी वेगळे सांगितले. केनेथ केंडलर यांच्या 2006 च्या स्वीडिश अभ्यासात अनुवंशिकतेचा वाटा स्त्रियांत 42 टक्के, पुरुषांत 29 टक्के निघाला आणि दोघांमधला जनुकीय सहसंबंध 0.63 होता, म्हणजे बराचसा भाग सामाईक, पण सगळा नाही.

पुढे संपूर्ण जनुकसंच चाळणारे अभ्यास आले आणि ज्या एक्सवर सगळ्यांचा संशय होता तेच बाजूला पडले. 2013 च्या एका आढाव्यानुसार अशा अभ्यासांपैकी जेमतेम एक-तृतीयांशांनी एक्स तपासले होते. कारणे किचकट आहेत. पुरुषाची एकमेव प्रत 1 मोजायची की 2, हे आधी ठरवावे लागते. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत एक प्रत बहुतांशी निष्क्रिय असते (मेरी लायन, 1961), पण काही जनुके त्यातून सुटतात. एक्सच्या टोकांचे छोटे भाग इतर गुणसूत्रांसारखे वागतात, ते वेगळे काढावे लागतात. उरलेल्या भागात पुरुषाच्या नमुन्यात दोन भिन्न रूपे दिसली, तर ती वाचनातली चूक समजून गाळायची. रुग्ण आणि निरोगी गटांत स्त्री-पुरुष प्रमाण वेगळे असेल, तर यातली एक चूकही खोटा संकेत निर्माण करते.

दुसरी चूक सांख्यिकीतली, आणि ती आजही सर्रास होते. ‘स्त्रियांत लक्षणीय (म्हणजे निव्वळ योगायोग वाटू नये इतका), पुरुषांत नाही’ एवढ्यावर फरक सिद्ध होत नाही; दोन परिणामांची वजाबाकी थेट तपासावी लागते. मूळ परिणामाएवढा मोठा फरक पकडायलाही सुमारे चौपट नमुना लागतो. शिवाय 2021 मध्ये दिसले की, अभ्यासात स्वेच्छेने येणारे स्त्री-पुरुष वेगवेगळ्या कारणांनी येतात, आणि त्यामुळे एक्स-वाय सोडून इतर गुणसूत्रांवरच्या डीएनएमधल्या जागाही लिंगाशी जोडलेल्या भासतात.

तरीही काही ठोस हाती लागले. 2020 मध्ये सी4 या प्रतिकारशक्तीशी निगडित जनुकाचा स्किझोफ्रेनियावरचा परिणाम पुरुषांत जास्त तीव्र असल्याचे दाखवले गेले, आणि ते जनुक एक्सवर नाही, सहाव्या गुणसूत्रावर आहे. 2025 च्या नैराश्याच्या अभ्यासात 1,30,471 स्त्री रुग्ण आणि 64,805 पुरुष रुग्ण होते. स्त्रियांत नैराश्याशी जोडलेल्या 16 जागा सापडल्या, पुरुषांत 8. अर्थात स्त्री रुग्णांची संख्या दुप्पट असताना 16 आणि 8 हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून लगेच निष्कर्ष काढता येत नाही.