सोडियम लो म्हणजे मीठ कमी? जरा मागची गोष्ट

आमच्या इंदूरात रामबाग, लोकमान्यनगरकडे उन्हाळ्यात कुणाचे तरी आजी-आजोबा ॲडमिट असतातच, काय झालं विचारलं की "सोडियम लो झालंय, बीपीमुळे मीठ कमी केलं होतं ना". पण बहुतेक वेळा मीठ कमी पडलेलं नसतं, मिठाच्या मानाने शरीरात पाणी जास्त झालेलं असतं, आणि हे डॉक्टरांना उमगायलाही बराच काळ गेला.

रक्तातलं सोडियम झटपट मोजता यायला लागलं ते 1940च्या दशकात, फ्लेम फोटोमीटर आल्यावर. गॅसवर मीठ सांडलं की ज्योत पिवळीधमक होते ना, तोच पिवळा उजेड ते मशीन मोजायचं. नॉर्मल 135 ते 145 (लिटरमागे मिलीइक्विव्हॅलंट, रिपोर्टवर mEq/L), त्याखाली लो. आकडा मिळाला, कारण कुठे कळत होतं? 1957मध्ये अमेरिकेत श्वार्ट्झ, बार्टर वगैरेंनी फुफ्फुसाच्या कॅन्सरचे दोन पेशंट मांडले, रक्तात सोडियम कमी आणि तरी लघवीतून ते चाललंच होतं. व्हॅसोप्रेसिन, म्हणजे पाणी धरून ठेवणारं हॉर्मोन, नको तेव्हा सुटतंय असा त्यांनी अंदाज बांधला, तेव्हा ते हॉर्मोन रक्तात धड मोजताही येत नव्हतं आणि तरी अंदाज बरोबर निघाला, मला तर याचं फार कौतुक वाटतं. यालाच आता एसआयएडीएच म्हणतात.

म्हणूनच डॉक्टर आधी जीभ कोरडी आहे का, पायावर बोट दाबलं की खड्डा पडतो का ते बघतात. कोरडं शरीर म्हणजे जुलाब, उलट्या, लघवीच्या गोळ्या. सूज असेल तर हार्ट, लिव्हर, किडनी. दोन्ही नसेल तर एसआयएडीएच, थायरॉइड, डिप्रेशनची काही औषधं. शुगर खूप वाढली तरी पेशींतलं पाणी रक्तात ओढलं जाऊन सोडियम कमी दिसतं. म्हाताऱ्या माणसांत मात्र बीपीची थायाझाइडची (लघवी वाढवणारी) गोळी नक्की तपासा, ती 1950च्या दशकाच्या शेवटी आली आणि अजून घरोघरी चालते, त्यात जेवण जेमतेम आणि वर "खूप पाणी प्या" म्हणून सगळे मागे लागलेले.

आणि "सलाइन इतकं हळू का सोडताय" म्हणून नातेवाईक चिडतात त्यामागेही इतिहास आहे. 1959मध्ये ॲडम्स आणि सहकाऱ्यांनी दारूचं व्यसन असलेल्या, कुपोषित पेशंटांच्या मेंदूच्या देठात एक विचित्र इजा नोंदवली, पुढे 1970-80च्या दशकांत लक्षात आलं की बरेचदा ती सोडियम भराभर वर नेल्याने होते. फिट्स येत असतील तर सुरुवातीला थोडं पटकन वाढवतात, पण बरेच दिवस लो असलेलं सोडियम 24 तासांत साधारण 8 ते 10 अंकांहून जास्त वाढू देत नाहीत.