गोडी छाटणीनंतरची पहिली फूट आणि किडींची पाहणी : द्राक्ष बागायतदारांसाठी माहितीपत्रक

नाशिक, सांगली आणि सोलापूर भागांत गोडी छाटणी (घड धरण्यासाठीची छाटणी) सुरू झाली की बागायतदारांचे सारे लक्ष डोळे फुटण्यासाठी काडीला पेस्ट लावणे, डोळे (काडीवरचे कोंब) एकसारखे फुटणे आणि डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा धोका यांकडे लागते. आमचे आग्रहाचे सांगणे असे की, किडींची पाहणीही याच दिवसांत सुरू करावी. काडीवर मोजकेच डोळे राखलेले असतात आणि घड त्यांतूनच निघायचा असतो, त्यामुळे या अवस्थेत झालेले नुकसान पुढे कोणत्याही फवारणीने भरून निघत नाही.

डोळे फुगू लागल्यापासून पहिली भीती उडद्या भुंगेऱ्यांची. हा तांबूस, चकाकणारा, पाठीवर सहा काळसर ठिपके असलेला लहान भुंगेरा फुगलेला डोळा कोरून खातो, आणि तसा डोळा पुढे फुटतच नाही. पेस्ट नीट बसली नाही, असा समज होऊन खरे कारण अनेकदा नजरेआड राहते. म्हणून न फुटलेला डोळा भिंगाखाली पाहावा आणि तो कोरलेला आहे की नुसता सुकलेला, हे आधी ठरवावे. धक्का लागताच हे भुंगेरे मेल्याचे सोंग घेऊन खाली पडतात. त्यामुळे सकाळी लवकर वेलीखाली पांढरे कापड धरून ओलांडा (वेलीची आडवी फांदी) हलवल्यास ते सहज मोजता येतात. ते सुट्या सालीखाली दडतात व मादी तेथेच अंडी घालते, हे लक्षात घेऊन छाटणीच्या वेळी सुटी साल काढून बागेबाहेर नष्ट करावी.

पाने उलगडू लागली की फुलकिडे येतात. कोवळा शेंडा पांढऱ्या कागदावर झटकला असता पिवळसर, सुईच्या टोकाएवढी पिल्ले सरपटताना दिसतात. फुलोरा ते मणी धरणे या काळात ही पाहणी दर दोन-तीन दिवसांनी करावी, कारण फुलकिड्यांनी खरवडलेल्या मण्यावर उमटणारे खरबरीत चट्टे काढणीपर्यंत जात नाहीत आणि तसा माल निर्यातीच्या प्रतवारीत बसत नाही. निळे चिकट सापळे जरूर लावावेत. मात्र सापळा कीड आल्याची वर्दी देतो, शेंड्यावर ती किती आहे हे सांगत नाही, म्हणून केवळ सापळा पाहून फवारणी ठरवू नये.

मिलीबगचा (पांढऱ्या मेणचट आवरणाच्या, रस शोषणाऱ्या किडीचा) माग मुंग्यांवरून लागतो. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की त्याच वेलीची साल उचलून पाहावी आणि मिलीबग आढळल्यास वेलीला खुणेची रिबीन बांधून ठेवावी. येथे एक सावधगिरी हवी. मिलीबग खाणाऱ्या क्रिप्टोलिमस या मित्र भुंगेऱ्याची अळीही पांढऱ्या मेणचट तंतूंनी झाकलेली असते आणि ती मिलीबग समजून मारली जाते. ही अळी मिलीबगपेक्षा मोठी असते, तिचे तंतू लांब असतात आणि डिवचल्यास ती लगबगीने चालू लागते. ती दिसल्यास त्या वेलीवर कीटकनाशक घेण्याआधी आमच्या प्रतिनिधीला बोलवावे.

पाहणीसाठी बांधाकडच्या ओळी आणि मधल्या ओळी, दोन्हींतल्या वेली निवडाव्यात आणि तारीख, ओळ, कीड व संख्या एका वहीत लिहावी. फवारणीची गरज ठरलीच, तर मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या चालू यादीतील औषध, त्यात दिलेली मात्रा आणि काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी ते काढणी यांतील दिवस) पाहूनच निर्णय घ्यावा. कीड ओळखता आली नाही, तर शेंडा कागदाच्या पाकिटात घालून त्याच दिवशी आमच्या दुकानात आणावा. प्लास्टिकच्या पिशवीत तो घामेजतो आणि बारीक कीड ओळखणे कठीण होते.