धावडा, मानवेल आणि गोल्फचा दांडा

चिखलदऱ्याचा घाट उतरून परतवाड्याकडे येताना लागणाऱ्या एका गावात मी विज्ञान शिकवतो. इथं गोल्फ कुणी खेळत नाही. तरी आमच्या शाळेच्या कपाटात गोल्फच्या दोन काठ्या आहेत. माझा मावसभाऊ पुण्याकडच्या एका गोल्फ मैदानावर गवत राखायच्या कामाला आहे. दिवाळीला गावी येताना त्यानं कुणीतरी टाकून दिलेल्या या काठ्या आणल्या. एकीचा दांडा पोलादी, दुसरीचा काळ्या कार्बनचा.

मी त्या आधी आमच्या वाढईबाबांना दाखवल्या. साठ वर्षं कुऱ्हाडींना आणि फावड्यांना दांडे घातलेला माणूस. टोकाच्या चकचकीत लोखंडाकडे त्यांनी पाहिलंही नाही. कार्बनचा दांडा हातात घेतला, गुडघ्याशी टेकवून हलकेच वाकवला आणि म्हणाले, "गुर्जी, हा तं लय लवते. कुऱ्हाडीले असा दांडा घातला तं घाव भलतीकडेच जाईन."

गोल्फच्या दांड्याचं, म्हणजे शाफ्टचं, सगळं शास्त्र या एका वाक्यात येतं. फटका बसतो तो टोकाच्या डोक्यानं. ते डोकं ठरल्या क्षणी, ठरल्या कोनात चेंडूपाशी पोचवायचं काम दांड्याचं.

आमच्याकडे कुऱ्हाडीला धावड्याचा दांडा घालतात. साग देखणा असला तरी धावड्याइतका झटका सोसत नाही. अमेरिकेत हेच काम हिकरी करतं. हिकरी अक्रोडाच्या कुळातलं झाड, लाकूड चिवट आणि लवचीक. तिथं कुऱ्हाडीचे दांडे हिकरीचे असत आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोल्फचे दांडेही त्याच लाकडाचे झाले. पण हिकरीत एक खोट होती, ते पिळायचं. जोरात काठी फिरवली की डोकं दांड्याभोवती थोडं वळायचं आणि खेळाडूला तो पीळ धरूनच हात बसवावा लागायचा. शिवाय लाकूड ते लाकूड, दोन दांडे कधी एकसारखे निघत नसत. १९२० च्या दशकात पोलादी नळीचे दांडे आले. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज इथल्या नियम ठरवणाऱ्या संस्थेनं त्यांना १९२९ मध्ये परवानगी दिली. तरीही १९३० मध्ये बॉबी जोन्सनं चारही मोठ्या स्पर्धा हिकरीच्याच काठ्यांनी जिंकल्या. पुढच्याच वर्षी बिली बर्कनं पोलादी दांड्यांनी अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली आणि लाकडाचे दिवस सरले.

आता पोकळ नळीच का, भरीव सळई का नाही? याचं उत्तर बांबूत आहे. बांबूच्या आमच्याकडे दोन जाती: कोरड्या डोंगरउतारावरची मानवेल जवळजवळ भरीव असते, कटांग पोकळ आणि जाड. एखादी गोल काठी वाकवली की सगळा ताण तिच्या बाहेरच्या थरावर येतो आणि मधला गाभा जवळजवळ आयताच बसून राहतो. निम्म्या व्यासाचा गाभा काढून टाकला तर वजन २५ टक्के कमी होतं, ताठपणा मात्र फक्त ६ टक्क्यांच्या आसपास घटतो. मला हा हिशेब फार आवडतो. दरवर्षी फळ्यावर मांडतो आणि दरवर्षी एखादं तरी पोर म्हणतं, "सर, पुन्हा सांगा." बांबूनं आणखी एक शहाणपण केलंय. त्याचे मजबूत धागे बाहेरच्या सालीकडे दाट असतात आणि आत विरळ. जिथं ताण, तिथं ताकद.

ताठपणा मोजायचा कसा? गोल्फवाले काठीची मूठ घट्ट पकडीत बसवतात, टोक खेचून सोडतात आणि मिनिटाला किती झोके होतात ते मोजतात. सर्वांत लांब काठीला ड्रायव्हर म्हणतात. तिचे झोके साधारण २५० भरतात. आम्ही हाच प्रयोग शाळेच्या ओट्यावर केला. मानवेलीची बारीक काठी जड पाट्याखाली दाबली, टोकाला २०० ग्रॅम वाळूची पुरचुंडी बांधली, कारण ड्रायव्हरच्या डोक्याचं वजन तेवढंच असतं. टोक सोडलं आणि मोबाइलवर संथ गतीचं चित्रण करून झोके मोजले. काठी पाट्याखाली जरा आत सरकवली की झोके एकदम भरभर होतात. टांगती लांबी पाव हिश्शानं कमी केली तर ताठपणा सव्वादोन पटीच्या पुढे जातो आणि झोके दीडपट होतात. जाडीचा परिणाम तर त्याहून मोठा. भरीव काठीची जाडी दुप्पट केली की ताठपणा सोळापट. बाजारातले दांडे एकमेकांपासून केसाएवढ्या जाडीनं वेगळे असूनही हाताला निराळे का लागतात, ते यावरून कळतं.

मिनिटाला २५० म्हणजे सेकंदाला चार, एक झोका पाव सेकंदाचा. काठी वरून खाली चेंडूपर्यंत यायलाही ढोबळ मानानं तेवढाच वेळ लागतो. म्हणजे एका फटक्यात दांड्याला जेमतेम एकदा मागे लवून पुढे यायची उसंत मिळते. सुरुवातीला हात पुढे जातात, डोकं मागे रेंगाळतं, दांडा मागे वाकतो. चेंडूजवळ येता येता मात्र तो उलट पुढे वाकलेला असतो. हे का होतं, ते गोफण फिरवणाऱ्याला सांगावं लागत नाही. ज्वारीवरची पाखरं उडवताना गोफणीतला दगड हाताला कसा बाहेर ओढतो! ताशी १५० किलोमीटर वेगानं फिरणारं डोकंही असंच बाहेर ओढतं. ती ओढ पंचवीस-तीस किलो वजनाएवढी भरते. डोक्याच्या वजनाचा मध्य दांड्याच्या रेषेत नसतो, जरा मागे असतो. ओढ त्याला हाताच्या रेषेत आणू पाहते आणि त्या खटपटीत दांडा पुढे झुकतो. डोक्याचा चेहरा थोडा आभाळाकडे वळतो, चेंडू उंच जातो.

बरेच जण समजतात की दांडा चाबकासारखा झटका देऊन चेंडू भिरकावतो. तसं नाही. चेंडू आणि डोकं यांची भेट अवघ्या अर्ध्या मिलिसेकंदाची असते आणि तेवढ्यात डोकं दोनेक सेंटीमीटरच पुढे सरकतं. फटक्याचा हादरा दांड्यातून मुठीपर्यंत जाऊन परत येईस्तोवर चेंडू निघून गेलेला असतो. त्या क्षणी डोकं एकटंच असतं. दांड्याला जे करायचं ते त्यानं आधीच करून ठेवलेलं असतं.

म्हणून दांडा हाताच्या चालीला जुळला पाहिजे. उजव्या हाताच्या खेळाडूला दांडा जास्तच मऊ मिळाला तर चेंडू सहसा उंच आणि डावीकडे जातो. फार ताठ असला तर खाली आणि उजवीकडे. दांड्यावर एल, ए, आर, एस, एक्स अशी अक्षरं असतात, मऊपासून ताठाकडे जाणारी. पण सगळ्या कंपन्यांनी पाळावं असं एक माप त्यांना नाही. एकीचा आर दुसरीच्या एसइतका ताठ निघू शकतो. अक्षर पाहून दांडा घेणं मला तरी पटत नाही. झोके मोजलेले बरे.

काळा दांडा हलका असतो. पोलादी दांडा १०० ते १३० ग्रॅमचा, तर कार्बनचा ५०-६० ग्रॅमचाही मिळतो. कार्बनच्या धाग्यांचे राळेत भिजवलेले पातळ पत्रे निमुळत्या सळईवर गुंडाळतात, भट्टीत भाजतात आणि सळई काढून घेतात. खरी कारागिरी धाग्यांच्या दिशेत आहे. लांबीच्या दिशेनं घातलेले धागे वाकणं रोखतात. तिरपे घातलेले पीळ रोखतात. बांबूचे धागे मात्र सगळे लांबीच्या दिशेनं, म्हणून तो उभा चिरतो आणि पिळायला कच्चा पडतो. बुरड त्याच्याच कामट्या काढून आडव्या-तिरप्या विणतो, तेव्हा टोपलीला चहूबाजूंनी बळ येतं. हिकरीची जुनी खोट पोलादी नळीनं आधीच काढली होती, कार्बनच्या दांड्यात ती या तिरप्या धाग्यांनी आवरली.

हे पोरांनी ऐकलं आणि आता त्यांना पीळ मोजायचाय. काठीच्या टोकाला लाकडी पट्टी आडवी बांधायची, पट्टीच्या एका टोकाला वजन टांगायचं आणि पट्टी किती अंश कलली ते कोनमापकानं बघायचं. कार्बनचा दांडा तयार आहे. मानवेलीची एक वाळलेली काठी आहे, पण ओलीही हवी म्हणतात. वाढईबाबांचा नातू सोमवारी त्यांच्या बांधावरून तोडून आणणार आहे.