स्पर्धात्मकता क्रमवारी, आंतरराष्ट्रीय

उत्पादकता, शासनसंस्था, पायाभूत सोयी, कौशल्ये, आरोग्य अशा अनेक बाबी मोजून देशांच्या अर्थव्यवस्थांना अनुक्रम देणारी यादी. त्यांतल्या दोन गाजलेल्या याद्या स्वित्झर्लंडमधल्या : वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमची, २०१९ पर्यंत निघालेली जागतिक स्पर्धात्मकता क्रमवारी आणि लोझानच्या आयएमडी या व्यवस्थापन शिक्षणसंस्थेची, १९८९ पासून निघणारी वार्षिक यादी. अनुक्रम जाहीर झाला की वर्तमानपत्रांत ‘भारताची झेप’ किंवा ‘भारताची घसरण’ असा मथळा येतो. नुसत्या अनुक्रमावरून यांतले काहीच ठरत नाही.

फोरमच्या यादीत भारत २०१८ मध्ये १४० देशांत ५८ वा होता, २०१९ मध्ये १४१ देशांत ६८ वा. दहा पायऱ्या खाली. पण शंभरपैकी गुण ६२.० वरून ६१.४ झाले, एवढाच फरक. यादीच्या मध्यावर देशांची दाटी असते. दहावीच्या निकालात जिथे गर्दी असते तिथे अर्ध्या टक्क्याने किती मुले पुढे निघून जातात, हे पालकांना वेगळे सांगायला नको. शिवाय अनुक्रम सापेक्ष असतो : आपण जागच्या जागी राहिलो आणि शेजारी सुधारले, तरी आपला आकडा उतरतो. अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमन यांनी १९९४ मध्येच आक्षेप घेतला होता की देश म्हणजे कंपन्या नव्हेत. एकाची भरभराट दुसऱ्याचे नुकसान करूनच होते असे नाही.

दुसरा धोका मोजपट्टी बदलण्याचा. फोरमच्या २०१७ च्या यादीत भारत ४० वा होता. त्याच्याशी ५८ ची तुलना केली तर अठरा पायऱ्यांची पडझड दिसते. प्रत्यक्षात २०१८ मध्ये निर्देशांकाची रचनाच बदलली होती, आणि नव्या रचनेने मोजले तर २०१७ चे स्थान ६३ वे येत होते. म्हणजे भारत पाच पायऱ्या वर आला होता!

एकूण अनुक्रमापेक्षा आतले तक्ते जास्त बोलतात. फोरमच्या २०१९ च्या यादीतल्या बारा स्तंभांपैकी, म्हणजे मोजणीच्या मुख्य गटांपैकी, बाजारपेठेच्या आकारात भारत तिसरा होता, कौशल्यांत १०७ वा, आरोग्यात ११० वा, माहिती-तंत्रज्ञानाच्या वापरात १२० वा. ६८ हा आकडा यांतल्या एकाही गोष्टीचे चित्र दाखवत नाही. धोरण आखणाऱ्याने डोळ्यांसमोर ठेवायला हवेत ते १०७ आणि ११० हे आकडे. यातला काही भाग मतांवरही उभा असतो. आयएमडीच्या यादीत सुमारे एक तृतीयांश भार उद्योगांतल्या वरिष्ठांच्या सर्वेक्षणाला आहे.

नेमके काय आणि कुठे मोजले, हे महाराष्ट्राच्या वाचकाने जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभता अहवालात जरूर पाहावे. ही यादी स्पर्धात्मकतेची नव्हे, उद्योगांसाठीच्या नियमांची. पण वाचली जायची तशीच. २०१५ च्या अहवालात १४२ वा असलेला भारत २०२० च्या अहवालात ६३ वा झाला. बांधकाम परवान्यांत तर २०१८ च्या अहवालातले १८१ वे स्थान पुढच्याच अहवालात ५२ वे झाले. हे मोजायला एक नमुना इमारत ठरलेली होती : सुमारे १४,००० चौरस फुटांचे दुमजली गोदाम, पुस्तके किंवा लेखनसाहित्य ठेवण्यासाठी. त्याचा परवाना मिळवायला किती टप्पे, किती दिवस, किती खर्च, एवढे बघायचे. भारतापुरते हे गोदाम दोनच शहरांत कल्पिलेले होते, मुंबईत आणि दिल्लीत. भार मुंबईला ४७ टक्के, दिल्लीला ५३. मुंबईत परवानग्या ऑनलाइन झाल्या, टप्पे कमी झाले, ही सुधारणा खरीच. मात्र नांदेडच्या किंवा सांगलीच्या उद्योजकाला किती खेटे घालावे लागतात, ते या आकड्यात कुठेच नव्हते.

आकडेवारीतल्या गैरप्रकारांवरून बँकेने सप्टेंबर २०२१ मध्ये हा अहवाल कायमचा बंद केला. २०१८ च्या अहवालात ७८ वा दाखवलेला चीन प्रत्यक्षात ८५ वा असायला हवा होता, असे बँकेच्याच फेरतपासणीत आढळले होते.